हसविणारी चित्रे आणि भांडणारे रसिक

जत्रेत तमाशाचा फड येऊन गेला, की दुसऱ्या दिवशी गावच्या पारावर काय चालते, ते तुम्हाला सांगायला नको. एखादे म्हातारबाबा म्हणतात, "यंदाच्या सोंगाड्यात काही दम नाही. आमच्या वेळचा सोंगाड्या नुसता उभा राहिला, तरी माणसं लोळायची." त्यावर एखादा तरणा गडी उत्तर देतो, "आजोबा, तवा तुम्ही तरणे होता, म्हणून हसू यायचं." झाले! दोन तट पडतात, चुना-तंबाखूची देवघेव थांबते, उन्हे कलतात, आणि निकाल काही लागत नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका वादाचा इतिहास सांगणार आहे. हा वाद सातासमुद्रांपलीकडचा, अमेरिकेतला आहे, आणि तो चालला आहे कार्टूनवरून. टेलिव्हिजनवर हलत्या-बोलत्या चित्रांच्या ज्या विनोदी मालिका लागतात, त्यांतली कोणती सरस, कोणती निरस, आणि अमकी मालिका नेमकी कोणत्या साली बिघडली, यावर तिथली शिकलीसवरली माणसे वर्षानुवर्षे हिरिरीने भांडत आली आहेत. तुम्ही म्हणाल, कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, त्यावर मोठ्यांनी काय भांडायचे? पण थोडे ऐका. या भांडणात एक असा प्रश्न लपलेला आहे, की जो आपल्या शाळेतल्या मराठीच्या तासालाही रोज भेटतो. "मला आवडले" आणि "हे चांगले आहे", ही दोन वाक्ये एकच आहेत की निरनिराळी?

आधी थोडी कारागिरी समजून घेऊ. पडद्यावर चित्र हलताना दिसते, तेव्हा एका सेकंदात २४ चौकटी आपल्या डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चौकटीतले चित्र आधीच्या चित्राहून किंचित वेगळे काढायचे, म्हणजे मांजर धावते आणि उंदीर उडी मारतो. आपल्याकडील पोरांनाही ठाऊक असलेली टॉम आणि जेरी ही जोडी अशीच जन्मली. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम या चित्रपट कंपनीत १९४० पासून ती रंगविली, आणि त्या लघुपटांना ७ ऑस्कर पारितोषिके मिळाली. पण हे काम फार खर्चाचे. पुढे १९५७ साली कंपनीने आपला कार्टूनचा कारखानाच बंद केला, आणि हे दोन नामांकित कारागीर रस्त्यावर आले.

आता करायचे काय? टेलिव्हिजन नवा होता, पण त्याच्याजवळ पैसा थोडा. मग या दोघांनी काटकसरीची युक्ती काढली. पात्र बोलत असताना सारे अंग पुन्हा काढायचे नाही, फक्त तोंड आणि डोके हलवायचे. बाकीचे धड तसेच ठेवायचे. त्यांच्या पुष्कळ पात्रांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय दिसतो, तो नुसत्या शोभेसाठी नाही बरे का! डोके धडापासून वेगळे हलविता यावे आणि जोड दिसू नये, म्हणून ती सोय. गरिबाने फाटक्या कोटावर उपरणे घ्यावे, तसलाच हा प्रकार.

याच काटकसरीतून ३० सप्टेंबर १९६० रोजी, शुक्रवारी रात्री साडेआठ वाजता, एबीसी या टेलिव्हिजन कंपनीवर 'द फ्लिंटस्टोन्स' ही मालिका सुरू झाली. अश्मयुगातले एक गाव, खाणीत काम करणारा फ्रेड, त्याची बायको विल्मा, शेजारचे बार्नी आणि बेटी, आणि दगडी चाकांची पायांनी ढकलायची मोटार. रात्रीच्या मुख्य वेळी, सारे कुटुंब जेवूनखाऊन बसले असताना, मोठ्यांसाठी कार्टून दाखविण्याचा हा मोठा प्रयोग होता. तो मोठ्यांसाठीच होता याचा पुरावा हवा असेल, तर त्याच्या पहिल्या पुरस्कर्त्याकडे पाहा. तो होता सिगारेटचा कारखाना, आणि जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी स्वतः झुरके मारीत!

वादाची पहिली ठिणगी इथेच पडली. त्याआधी १९५५-५६ मध्ये 'द हनीमूनर्स' नावाची खऱ्या नटांची ३९ भागांची मालिका गाजली होती. त्यात तोंडाळ बस-ड्रायव्हर, त्याचा भोळा शेजारी आणि दोघांच्या शहाण्या बायका अशी चौकडी होती. लोकांनी लगेच ओळखले, की अश्मयुगातली चौकडी ती हीच, फक्त कातडी पांघरलेली. दुसरीकडे चित्रकलेचे जाणकार नाके मुरडू लागले. ज्या हातांनी टॉम आणि जेरीला पाण्यासारखे वाहते केले, त्याच हातांनी आता नुसते तोंड हलणारे ठोकळे काढावेत काय, असा त्यांचा सवाल. तरीही १९६१ साली टेलिव्हिजनच्या मानाच्या एमी पारितोषिकासाठी विनोदी कार्यक्रमांच्या यादीत या कार्टूनचे नाव लागले. म्हणजे एकाच वस्तूला एक जण नक्कल म्हणतो, दुसरा ऱ्हास म्हणतो, तिसरा पंक्तीला बसवतो. आणि गंमत अशी, की तिघांजवळही कारण आहे. पहिला कथेकडे पाहतो, दुसरा रेषेकडे, आणि तिसरा हशाकडे.

पुढे १९६३ मध्ये फ्रेडच्या घरी मुलगी जन्मली. सिगारेटवाले गेले आणि द्राक्षाच्या रसाचे कारखानदार आले. मालिका हळूहळू मुलांकडे झुकली. १९६५ साली, शेवटच्या हंगामात, परग्रहावरून आलेला एक हिरवा बुटका त्या अश्मयुगात आणून बसविला. आजही जुने रसिक या हिरव्या बुटक्याचे नाव काढले की कपाळाला हात लावतात. १ एप्रिल १९६६ रोजी १६६ भागांनंतर मालिका संपली. या बुटक्याला जरा ध्यानात ठेवा, कारण तीस वर्षांनी तो निराळे रूप घेऊन परत येणार आहे.

यानंतर वीस-बावीस वर्षे अमेरिकेत कार्टून म्हणजे शनिवारी सकाळी मुलांना गप्प बसविण्याचे साधन, असाच समज राहिला. तो मोडला 'द सिम्पसन्स' या मालिकेने. मॅट ग्रोनिंग या चित्रकाराने काढलेले हे पिवळ्या रंगाचे कुटुंब. आळशी बाप होमर, सोशीक आई मार्ज, वात्रट बार्ट, अभ्यासू लिसा आणि तान्ही मॅगी. १९ एप्रिल १९८७ पासून हे कुटुंब दुसऱ्या एका कार्यक्रमात मिनिट-दोन मिनिटांच्या तुकड्यांतून दिसत असे. १७ डिसेंबर १९८९ रोजी त्याचा पहिला अर्ध्या तासाचा भाग फॉक्स या कंपनीवर लागला.

ही मालिका आणखी आधी यायची होती. पण पहिला म्हणून जो भाग करायला घेतला होता, त्याची चित्रे कोरियातल्या कारखान्यातून तयार होऊन आली, तेव्हा ती पाहून निर्मात्यांचेच चेहरे उतरले. बराच भाग पुन्हा करावा लागला आणि प्रक्षेपण पुढे गेले. म्हणजे या मालिकेचा पहिला कडक टीकाकार बाहेरचा कोणी नव्हता, तो तिच्या घरातच होता.

मालिका लागली आणि गाजली. बार्टला अभ्यासाचा कंटाळा, आणि त्याचा त्याला अभिमान! १९९० साली काही शाळांनी तर त्याचे चित्र असलेल्या सदऱ्यांवर बंदी घातली. शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला त्या मास्तरांविषयी सहानुभूती वाटेल. १९९२ च्या जानेवारीत खुद्द अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भाषणात सांगितले, की अमेरिकन कुटुंबे सिम्पसन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी अधिक व्हायला हवीत. वॉल्टन्स हे १९३० च्या मंदीच्या काळातल्या एका सालस कुटुंबाच्या मालिकेचे नाव. त्याच आठवड्यात मालिकेने उत्तर दिले. बार्ट म्हणाला, आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, मंदी संपावी म्हणून आम्हीही देवाची प्रार्थना करतो! अध्यक्षांचा आक्षेप वळणावर होता, कलेवर नव्हता. पण दर्जाच्या वादात नीतीचा प्रश्न असा मधूनच येतो, हेही लक्षात असू द्या.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. १९९० साली संगणकांच्या जाळ्यावर सिम्पसन्सच्या चाहत्यांनी आपला चर्चेचा फड जमविला. तिथे कोणी कोणाचा चेहरा पाहत नसे. भाग संपला, की लगेच लोक आपापली मते लिहून टाकीत आणि भागाला गुण देत. मास्तरांनी वह्या तपासाव्यात, तशी ही मंडळी मालिका तपाशीत. १९९२ च्या नोव्हेंबरात चौथ्या हंगामातला एक भाग लागला. त्यात बार्टला एक चित्रपट पाहण्याची बंदी होते. त्या भागावर एका चाहत्याने एवढाच अभिप्राय लिहिला, की आजवरचा सर्वांत वाईट भाग हाच. बस्स. कारण नाही, पुरावा नाही.

श्रोतेहो, इथे इतिहासाची खरी गंमत आहे. आज तुम्ही त्या मालिकेच्या जुन्या रसिकांना विचारा, सोन्याचा काळ कोणता? बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्यापासून आठव्या हंगामापर्यंतचा काळ सांगतील. म्हणजे ज्या हंगामाला आज सुवर्णयुग म्हणतात, त्याच हंगामात बसून एक रसिक सांगत होता, की आता सारे संपले! पेशवाईतल्या माणसाला शिवकाळ आठवे, इंग्रजी अमलातल्या माणसाला पेशवाई आठवे. सुवर्णयुगात राहणाऱ्याला ते सुवर्णयुग आहे हे कळत नाही, ही इतिहासाची जुनी खोड आहे.

लेखकांच्या कानांवर हे सारे जात होते. ९ फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांनी या रसिकांनाच पडद्यावर आणले. तो मालिकेचा १६७ वा भाग होता. फ्लिंटस्टोन्सचे भाग १६६, हे आठवते ना? ज्या दिवशी नव्या मालिकेने जुनीचा विक्रम मोडला, त्याच दिवशी तिने स्वतःच्या म्हातारपणाविषयी कथा सांगितली. कथेत मुलांच्या आवडीचे एक जुने कार्टून असते. ते शिळे झाले असे मालकांना वाटते, म्हणून ते त्यात पूची नावाचा एक नवा, चटपटीत कुत्रा घुसवतात. आपला तो हिरवा बुटका परत आला की नाही? कोणालाच तो कुत्रा आवडत नाही. मग पुस्तकांच्या दुकानाचा जाडजूड मालक बार्टपुढे तोच निकाल सुनावतो, की आजवरचा सर्वांत वाईट भाग हाच. बार्ट त्याला विचारतो, की त्या लोकांनी इतकी वर्षे तुला फुकट करमणूक दिली, मग ते तुझे काय देणे लागतात? उलट तूच त्यांचे देणे लागतोस.

यात कोणाची बाजू खरी? बार्टचे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण पुरते खरे नाही. करमणूक फुकट नसते. जाहिरातदार पैसे देतात ते प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी, आणि ते डोळे प्रेक्षक दर आठवड्याला न चुकता आणून देतो. कीर्तनकाराला श्रोत्याने बिदागी दिली नाही, तरी रात्रभर जागून मान डोलावली, हेही एक देणेच असते. पण दुकानदाराचेही म्हणणे पुरते खरे नाही, कारण तो निकाल देतो आणि कारण देत नाही.

कारणासह केलेली टीका कशी असते, त्याचा नमुना लगेच सात महिन्यांनी मिळाला. २८ सप्टेंबर १९९७ च्या भागात, बार्टच्या शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे खरे स्किनर नाहीतच, दुसऱ्याचे नाव घेऊन राहिलेला तो तोतया आहे, असे अचानक दाखविले. आपल्याकडे भाऊसाहेबांचा तोतया झाला, तसाच हा! या भागावर रसिक खवळले. आणि त्यांच्याबरोबर कोण होते, तर मुख्याध्यापकांना आवाज देणारे नट हॅरी शिअरर. त्यांचे म्हणणे असे, की प्रेक्षकांनी आठ वर्षे या पात्रावर जीव लावला आहे, ते भांडवल तुम्ही काही मोबदला न देता उधळता आहात. या टीकेत राग आहे, पण कारणही आहे. पात्राशी इमान राखणे ही कसोटी तिथे स्पष्ट दिसते. उलट त्या भागाच्या लेखकाने पुढे सांगितले, की लोकांना सारे जसेच्या तसेच हवे असते, बदल नको असतो, हेच तर मी दाखवीत होतो. त्या कथेतले गावकरीही शेवटी खऱ्या माणसाला हाकलून आपल्या सवयीच्या तोतयालाच ठेवून घेतात. म्हणजे लेखकाने रसिकांपुढे आरसा धरला, आणि रसिक म्हणाले, आरसा वाकडा आहे.

इथे इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल अशी एक बारीक गोष्ट सांगतो. या मालिकेचा कारभार वेळोवेळी निरनिराळ्या प्रमुख लेखकांकडे गेला. रसिकांनी त्यांच्या नावांवरून कालखंड पाडले आहेत, जशा आपण राजवटी पाडतो. नवव्या हंगामापासून माइक स्कली हे प्रमुख झाले. ऱ्हासाचे खापर पुष्कळ जण त्यांच्याच माथी फोडतात आणि पुरावा म्हणून नवव्या हंगामात लागलेल्या या तोतयाच्या भागाकडे बोट दाखवितात. पण तो भाग तयार झाला होता आधीच्या मंडळींच्या हाताखाली, आठव्या हंगामाच्या कामात. तो फक्त उशिरा लागला. एका राजाने खोदलेली विहीर कोरडी निघावी आणि दोष दुसऱ्याला लागावा, असे झाले. साल पाहिले, पण साधन तपासले नाही, की असा घोटाळा होतो. भांडण कार्टूनचे असले, तरी पुरावा तपासण्याची शिस्त तीच.

म्हणजे ऱ्हास वगैरे सारा मनाचा खेळ आहे का? तसेही नाही. चौथ्या हंगामाच्या आगेमागे मूळच्या लेखकांपैकी बरेच जण दुसऱ्या कामांना गेले. कॉनन ओब्रायन नावाचे लेखक १९९३ साली स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम चालवू लागले. घरातली कर्ती माणसे गेली, की स्वयंपाकाची चव बदलते, हे खोटे नाही. आणि शेकडो भाग झाल्यावर नवे काय सांगायचे, ही अडचण तर आहेच. १९९९ च्या अखेरीस 'टाइम' साप्ताहिकाने सिम्पसन्सला शतकातली सर्वोत्तम टेलिव्हिजन मालिका ठरविले, आणि त्याच सुमाराला घरचे चाहते म्हणत होते, की ही आता पाहवत नाही. मला वाटते, दोघेही बरोबर होते. साप्ताहिक दहा वर्षांचा हिशेब पाहत होते, आणि चाहते गेल्या रविवारचा. मालिका आजही चालू आहे, आणि तिचे भाग साडेसातशेच्या पुढे गेले आहेत.

तोवर आखाड्यात नवे मल्ल उतरले होते. १९९७ च्या जानेवारीत 'किंग ऑफ द हिल' आली. टेक्सासातल्या लहान गावात स्वयंपाकाच्या गॅससारखा गॅस विकणारा एक सरळमार्गी गृहस्थ, त्याचे शेजारी, त्याचे अंगणातले गवत. इतकी संथ, की काही जणांना ती कंटाळवाणी वाटे, आणि काहींना तीच सर्वांत खरी वाटे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचे नवे भाग आले, तेव्हा हे दुसऱ्या मताचे लोक फार खूष झाले. त्याच १९९७ च्या ऑगस्टात 'साउथ पार्क' आली. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोन तरुणांनी तिचा पहिला भाग कागदाच्या कापलेल्या तुकड्यांनी केला. पुढे संगणकावर ते अवघ्या सहा दिवसांत एक भाग तयार करू लागले, त्यामुळे आठवड्यापूर्वीच्या बातमीवरही त्यांना थट्टा करता येई. भाषा मात्र अशी शिवराळ, की ती या माइकवर सांगता येणार नाही. आणि ३१ जानेवारी १९९९ रोजी सेथ मॅकफार्लेन यांची 'फॅमिली गाय' आली. इथे गाय म्हणजे आपली गोठ्यातली गाय नव्हे बरे का! गाय म्हणजे गडी, माणूस.

या फॅमिली गायवरून तर मोठे रण माजले. तिची रीत अशी, की कथा चालू असताना एखादे पात्र म्हणते, "हे म्हणजे त्या वेळेसारखंच झालं," आणि चित्र उडी मारून भलत्याच प्रसंगावर जाते. हसू येते, पण मूळ कथेशी त्याचा संबंध नसतो. चाहते म्हणतात, हसू आले ना? मग झाले. विरोधक म्हणतात, गुदगुल्या केल्या तरी हसू येते, त्याला विनोद म्हणायचे का? २००६ च्या एप्रिलमध्ये साउथ पार्कने दोन भागांत हीच टीका पडद्यावर मांडली. त्यात फॅमिली गायचे लेखक म्हणून पाण्याच्या टाकीत पोहणाऱ्या समुद्रगायी दाखविल्या. त्या गायी शब्द लिहिलेले चेंडू हवे तसे ढकलतात, आणि जे चेंडू जुळतील त्यांचा विनोद तयार होतो!

ही थट्टा झाली. पण पुढे २०११ साली याच पार्कर आणि स्टोन यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना आपली कसोटी गंभीरपणे सांगितली, आणि ती आपल्या शाळेतल्या निबंधलेखनालाही लागू पडेल. त्यांचे म्हणणे असे, की कथेतल्या दोन प्रसंगांच्या मध्ये "आणि मग" हे शब्द येत असतील, तर कथा फसली. तिथे "म्हणून" किंवा "पण" आले पाहिजे. राजा शिकारीला गेला, आणि मग तो जेवला, आणि मग झोपला, ही कथा नव्हे. राजा शिकारीला गेला, पण वाट चुकला, म्हणून झोपडीत शिरला, इथे कथा सुरू झाली. पाहा, भांडणातून किती उपयोगी गोष्ट हाती लागली! नुसते "वाईट, वाईट" म्हणत राहिले असते, तर ती कधीच मिळाली नसती.

तरी फॅमिली गायच्या बाजूनेही बोलायला हवे. २००२ साली ती बंद झाली होती. पण तिच्या तबकड्या दुकानांत भराभर खपल्या, जुने भाग दुसऱ्या वाहिनीवर रात्री उशिरा लोक आवडीने पाहू लागले, आणि अखेर १ मे २००५ रोजी कंपनीला ती पुन्हा सुरू करावी लागली. चाहत्यांनी वादात मते मांडली, आणि बाजारात पैसे मोजले. दर्जा यावरून सिद्ध होत नाही. पण ज्या कलेसाठी माणसे खिशात हात घालतात, तिच्यात काहीच नाही असे म्हणण्यापूर्वी टीकाकाराने एकदा पुन्हा पाहावे, इतके नक्की.

आता शेवटचा प्रसंग सांगतो. त्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. सिम्पसन्समध्ये अपू नावाचा एक भारतीय दुकानदार १९९० पासून आहे. त्याचा आवाज काढीत होते हँक अझारिया हे गोरे अमेरिकन नट, आणि त्याच्या बोलण्याच्या लकबीवर सारा देश हसत होता. पण त्या देशात वाढणाऱ्या भारतीय मुलांना शाळेत त्याच लकबीत चिडविले जाई. २०१७ साली हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने यावर एक माहितीपट काढला. लक्षात घ्या, हा माणूस मालिकेचा शत्रू नव्हता. तो लहानपणापासून तिचा चाहता होता. त्याचे दुखणे हेच होते, की जी मालिका साऱ्या ढोंगांना टोचते, तिने हे एवढे ढोंग का पोसले? एप्रिल २०१८ मध्ये मालिकेने एका भागात उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा, की पूर्वी जे लोकांना चालत होते ते आता खटकते, त्याला आम्ही काय करावे? हे उत्तर पुष्कळ चाहत्यांनाही उडवाउडवीचे वाटले. जानेवारी २०२० मध्ये मात्र अझारिया यांनी सांगितले, की यापुढे अपूचा आवाज मी काढणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये निर्मात्यांनी जाहीर केले, की गोऱ्या नसलेल्या पात्रांना गोरे नट यापुढे आवाज देणार नाहीत.

तीस वर्षे जो विनोद उत्तम म्हणून चालला, त्यात एक काटा होता, आणि तो ज्याच्या पायात रुतला त्यानेच दाखविला. "पूर्वीचे भाग चांगले होते" असे म्हणणाऱ्या रसिकाने हेही विचारात घ्यायला हवे. चांगले होते, पण कोणासाठी? हसणारा कोण होता, आणि कोणाला हसत होता? अपू असलेले ते जुने भाग आजही चलाख आहेत, लेखन आजही घट्ट आहे. तरी एखाद्या भारतीय आईने तो भाग लागल्यावर मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले असेल, तर तिचा निकाल त्या पुस्तकांच्या दुकानदाराहून वेगळा असणार. आणि तिच्याजवळ कारण आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मुले कार्टूनवरून भांडू लागली, तर त्यांना एकदम गप्प बसवू नका. एकाला विचारा, तुला हे आवडते ना, मग त्यातला एक प्रसंग सांग. दुसऱ्याला विचारा, तुला हे वाईट वाटते ना, मग कुठे बिघडले ते दाखव. कथेत बिघडले, चित्रात बिघडले, की माणसाला दुखविण्यात बिघडले? आवड ज्याची त्याची असते, तिला कारण लागत नाही. चांगल्या-वाईटाचा निकाल मात्र कारण मागतो. हा फरक एकदा मुलाला उमगला, की मग ते कविता वाचो, निवडणुकीतले भाषण ऐको, की बाजारात बैल पारखो, कोणाच्याही नुसत्या "एक नंबर!" म्हणण्याने ते भुलणार नाही.

आणि पारावरच्या त्या आजोबांनाही एकदा विचारून पाहा, "आजोबा, तुमच्या वेळचा सोंगाड्या नेमकं काय करायचा?" ते आधी चिडतील, "तुम्हाला काय कळणार" म्हणतील. मग हळूच काठी बाजूला ठेवून उठतील, धोतराचा सोगा खोचतील, आणि ऐंशीव्या वर्षी त्या सोंगाड्याची चाल चालून दाखवतील. ते पाहून तरणी पोरे हसली, तर निकाल आजोबांच्या बाजूने लागला. नाहीच हसली, तरी साठ वर्षांपूर्वीचा एक सोंगाड्या पाचदहा जणांच्या ध्यानात राहिला.